कप्तानाच्या मागची खुर्ची

बाबा माणसं पाठीवरून ओळखायचे. समोरून त्यांना ते जमत नसे.

सौंसरच्या बस स्टँडवरच्या चहावाल्यानं याचा खेळच करून टाकला होता. संध्याकाळी बाबा बाकावर येऊन बसले की तो कुणाला तरी रस्त्याकडे तोंड करून उभं करायचा आणि भट्टीमागून ओरडायचा, "सांगा बरं वायरलेस काका, हा कोन हाय?" बाबा चष्मा नीट बसवायचे. मान, कानांची मागची बाजू, खांद्यांचा उतार एवढं पाहायचे आणि नाव सांगायचे. चूक होत नसे. मग तोच माणूस वळून समोर यायचा, नमस्कार करायचा, आणि बाबा गोंधळून विचारायचे, "आपण कोण?"

टपरीभर हशा व्हायचा.

"काका, लग्नात काकूचं तोंड पाह्यलं होतं का पाठच पाह्यली?"

"काहीच नाही पाहिलं. पदर होता," बाबा शांतपणे म्हणायचे आणि बशीत चहा ओतायचे.

बाबांना जाऊन हा दुसरा हिवाळा. मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. शाळा सुटल्यावर, स्वयंपाकाला लागण्याआधी, थोडं थोडं लिहिते. एखाद्या दिवशी चार ओळी होतात, एखाद्या दिवशी कालच्या चार ओळी वाचूनच उठते. फार रडू येतं असं नाही. थकायला मात्र होतं. बाबांच्या शेवटच्या दिवसांत घर, शाळा आणि सौंसरची बस यांत जो शीण आला, तो अजून गेलेला नाही, आणि गेला तर काय उरेल याची मला थोडी भीतीच वाटते.

पाठीवरून ओळखण्याची सवय बाबांना नोकरीत लागली. ते विमानात रेडिओ ऑफिसर होते. खासगी कंपन्या एकत्र करून देशाची एक विमान कंपनी झाली, त्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा डाकोटा विमानं होती. पुढे डावीकडे कप्तान, उजवीकडे त्याचा जोडीदार वैमानिक, आणि कप्तानाच्या मागे एका अरुंद कोनाड्यात रेडिओ ऑफिसर. कानांवर हेडफोन, बोटाखाली मोर्सची चावी. जमिनीवरून टकटक येणारा संदेश ऐकायचा, त्यातून पुढच्या विमानतळाचं हवामान काढायचं आणि कप्तानाला द्यायचं. इंजिनांचा आवाज एवढा की बोलणं शक्य नसे. म्हणून चिठ्ठी. बाबांचे कप्तान मान न वळवता उजवा हात खांद्यावरून मागे करायचे, तळवा उघडा. बाबा त्या तळव्यावर चिठ्ठी ठेवायचे. हात पुढे जायचा, चिठ्ठी समोरच्या चिमट्यात अडकायची. बस, एवढंच. सात-आठ वर्षं ते दोघं असे एकत्र उडाले. बाबांना त्या माणसाच्या मानेवरचा प्रत्येक केस माहीत होता. चेहरा मात्र हँगरमधून विमानापर्यंत चालत जाताना जेवढा दिसे तेवढाच.

त्या माणसांबद्दल बाबा क्वचित बोलायचे, पण बोलले की मला ऐकत राहावंसं वाटे. कप्तान महायुद्धात ब्रह्मदेशावर उडालेले. उतरल्यावर कुणाशी न बोलता विमानाभोवती एक फेरी मारायचे आणि चाकाला हात लावायचे, बैलाच्या पाठीला लावावा तसा. जोडीदार वैमानिक एका संस्थानिकाच्या विमानावरून आलेला, त्याला सरकारी चहा कधी आवडला नाही. स्टुअर्ड आमच्या नागपूरचाच. तो आधी रेल्वेच्या भोजनडब्यात आचारी होता आणि हवेच्या खड्ड्यात विमान आपटलं की प्रवाशांना म्हणायचा, "घाबरू नका, रूळ बदलला फक्त." आणि कंपनीचे सर्वांत मोठे साहेब. ते एकदा याच विमानातून आले. बाबांनी सौंसरची संत्री नेली होती. साहेबांनी एक संत्रं सोलून खाल्लं, कचरा टाकायला जागा दिसली नाही म्हणून सालं कोटाच्या खिशात घातली आणि तशीच घेऊन उतरले. या गोष्टीवर बाबा दर वेळी थांबायचे. "एवढा मोठा माणूस," म्हणायचे.

संत्र्यांच्या दिवसांत कप्तानांचा हात मागे आला की बाबा कधी कधी चिठ्ठीआधी एक फोड ठेवायचे. हात पुढे जायचा आणि लगेच पुन्हा मागे यायचा. आता हवामान द्या, असा त्याचा अर्थ. मान मात्र वळायची नाही. बाबा म्हणत, "त्यांचा नियम होता. चालवणाऱ्यानं पुढे पाहायचं."

मी कप्तानांना लहानपणी एकदा पाहिलं होतं, पण मला त्यांचे बूटच आठवतात.

मग नवी विमानं आली. त्यांत बोलण्याचा रेडिओ होता. वैमानिक स्वतःच जमिनीशी बोलू लागले आणि कप्तानामागची खुर्ची काढून टाकायचं ठरू लागलं. कंपनीनं जुन्या कप्तानांची मतं मागवली. त्या बैठकीत काय झालं ते बाबांना कुणी सांगितलं नाही. एका सहकाऱ्याकडून फक्त एक वाक्य त्यांच्यापर्यंत आलं. त्यांचे कप्तान म्हणाले होते म्हणे, "माझ्या मागची खुर्ची रिकामी असली तरी विमान उडेल."

बाबांना काही दिवस नागपूरलाच जमिनीवरचं काम दिलं. मग तेही त्यांना नकोसं झालं. मुदतीआधी नोकरी सोडून ते सौंसरला आजोबांची संत्र्याची बाग पाहायला आले. बाग बरी चालली. कशाची ददात नव्हती. पण ते वाक्य त्यांच्या घशात अडकलेलं होतं. ते रागावत नसत. नुसतं मधूनच म्हणायचे, "ते तसं म्हणाले असतील का गं?" सकाळी झाडांना आळी करताना, पंगतीत वाढपी पुढे गेला असताना, केव्हाही.

आई वैतागायची. "वीस वर्सं झाली त्या वाक्याले. आता काय करून राहिले त्याचं? लोणचं?"

"मला फक्त कळलं पाहिजे, ते म्हणाले की नाही."

"म्हनले असन तं काय? आन नसन म्हनले तं काय?"

आता वाटतं, त्यांना नोकरी गेल्याचं एवढं नव्हतं. ती सात-आठ वर्षं खरोखर काय होती, ते त्यांना त्या माणसाकडून हवं होतं. खुर्ची रिकामीच होती असं समजायचं, की तिच्यात कुणी बसलं होतं?

ऐंशीच्या दशकातल्या मधल्या एका हिवाळ्यात तो नागपूरचा स्टुअर्ड बसनं सौंसरला आला. आता त्याचा नागपूरला खानावळीचा धंदा होता, पोट सुटलं होतं. अंगणात बसून त्यानं आधी दोन संत्री संपवली, मग म्हणाला, "रेडिओसाहेब, कप्तानसाहेबाले अर्धांगाचा झटका आला. पोरगी त्याहिले मद्रासकडं उपचाराले नेऊन राहिली दिल्लीवरून. येत्या बुधवारच्या गाडीनं. मी नागपूर स्टेशनवर डबा घेऊन जातो. तुमी येता का?"

"नागपूरला गर्दी असेल," बाबा म्हणाले. "ती गाडी पांढुर्ण्याला थांबते ना?"

"थांबते म्हंजे काय, दम घेते नुसती."

"पुरे आहे."

"पन वाचा गेली हाय त्याहिची. बोलता येत नाही."

"मान हलते का?"

"हो म्हनायचं असन तं हलवतेत म्हने."

"मग झालं. मला हो की नाही, एवढंच विचारायचं आहे."

आई दारात उभी होती. आत जाऊन तिनं पिशवी काढली आणि तिच्यात चांगली चांगली संत्री निवडून भरू लागली.

बुधवारी सकाळच्या बसनं बाबा माझ्याकडे आले. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं यायचं नाही, ही त्यांची रीत. संत्र्यांतली चार काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली, मगच पाणी घेतलं. पांढरा शर्ट इस्त्री केलेला होता. जेवण त्यांना गेलं नाही. माझे यजमान बँकेतून अर्धी रजा काढून आले आणि आम्ही तिघं स्टेशनला गेलो. वाटेत बाबा एकदाच बोलले. "'सर' म्हणू की 'कप्तान' म्हणू?"

"जे तेव्हा म्हणायचात ते म्हणा."

"तेव्हा काहीच म्हणायचो नाही. ऐकूच येत नसे."

प्लॅटफॉर्मवर कापसाच्या गाठी रचून ठेवल्या होत्या. त्यांच्या सावलीत आम्ही उभे राहिलो. गाडी आली. आमच्याकडे डब्याचा नंबर होता, स्टुअर्डनं मिळवून दिलेला, पण डबा बराच पुढे जाऊन थांबला. आम्ही जवळजवळ पळतच गेलो. बाबा खिडकी खिडकीतून आत पाहत चालले होते. मीही पाहत होते. एका खिडकीत एक म्हातारे गृहस्थ गजांशी चेहरा लावून बसले होते. चेहऱ्याची एक बाजू उतरलेली, ओठाचा कोपरा ओला. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे गेले. डब्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आले, पुन्हा त्याच खिडकीवरून गेले.

"नाहीत," ते म्हणाले. "या डब्यात नाहीत."

"बाबा, आत जाऊन विचारू या."

"गाडी सुटेल."

"सुटू दे," मी म्हटलं. असं मी कधी म्हणत नाही. त्या दिवशी का म्हटलं कोण जाणे.

चढता यावं म्हणून बाबांनी पिशवी यजमानांच्या हातात दिली. आम्ही दोघं आत शिरलो. मधल्या वाटेनं चाललो, आणि चौथ्या की पाचव्या कप्प्याशी बाबा असे थांबले की मी त्यांच्यावर आदळले. आतल्या बाकावर एक माणूस खिडकीकडे तोंड करून बसला होता. बाजूला उशांचा टेका. आमच्याकडे त्याची पाठ होती. पांढरे, बारीक कापलेले केस, आणि मानेवर उजव्या कानाखाली एक आडवी घडी.

"हे," बाबा म्हणाले.

तेच म्हातारे होते, ज्यांच्या तोंडासमोरून आम्ही दोनदा गेलो होतो.

समोर बसलेली बाई, माझ्याहून थोडी मोठी, घाबरून उठली. मी हिंदीत भराभर सांगितलं, कोण, कुठले. तिला सगळं कळलं असं नाही, पण 'रेडिओ ऑफिसर' कळलं. ती म्हणाली, "बसा ना. यांना बोलता येत नाही, पण समजतं. काही विचारलंत तर मान हलवतील." आणि तेवढ्यात गाडी हलली.

बाहेरून यजमानांचा आवाज आला. "अगं उतरा! बाबा! उतरा ना!" खिडकीतून संत्र्यांची पिशवी घेऊन पळणारे ते मला दिसले, मग दिसेनासे झाले. बाबांनी तिकडे पाहिलंच नाही. ते बाकाच्या कडेला, कप्तानांच्या पाठीमागे बसले होते. समोर जायला हवं होतं. प्रश्न समोरून विचारायचा असतो. पण ते मागेच बसले, जिथे त्यांची जागा होती, आणि त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

कप्तानांचा उजवा हात हळूहळू वर आला, खांद्यावरून मागे झाला आणि थांबला. तळवा उघडा.

"हे असं दिवसभर चालतं," त्यांची मुलगी थकल्या आवाजात म्हणाली. "झटका आल्यापासून. हात असा मागे करतात. पाणी दिलं, रुमाल दिला, जपमाळ दिली. टाकून देतात. डॉक्टर म्हणतात, सवयीची हालचाल आहे, अर्थ नसतो तिला."

बाबा त्या हाताकडे पाहत होते. मग खिसे चाचपू लागले. पिशवी मागे राहिली होती. वरच्या खिशात प्लॅटफॉर्म तिकीट होतं. त्यांनी माझ्याकडे न पाहता हात पुढे केला, आणि मी पर्समधलं पेन दिलं. ते वाकून खिडकीबाहेर पाहू लागले. गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगच्या चिमणीचा धूर कुठे कलला आहे, लांबची डोंगरांची रेघ दिसते का, ढग किती वर आहेत. घाई केली नाही. मग तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत, जुन्या इंग्रजी खुणांमध्ये, त्यांनी लिहिलं आणि ते तिकीट त्या तळव्यावर ठेवलं.

हात पुढे गेला. कप्तानांनी तिकीट डोळ्यांसमोर धरलं. वाचता आलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण ते त्यांनी टाकलं नाही. खिडकीच्या झडपेच्या फटीत खोचलं आणि मान पुन्हा समोर केली. खांदे खाली आले.

त्यांच्या मुलीनं तोंडावर हात ठेवला.

नरखेड गेलं आणि हात परत मागे आला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून बसचं जुनं तिकीट शोधून दिलं. त्यांनी पुन्हा बाहेर पाहिलं, कारण हवा आता थोडी बदलली होती, पुन्हा लिहिलं. दुसरी चिठ्ठी पहिलीच्या शेजारी खोचली गेली.

मग तिकीट तपासनीस आला. "टिकट, बाबूजी."

"प्लॅटफॉर्मचं होतं," बाबा म्हणाले, "ते देऊन टाकलं."

"किसको?"

बाबांनी झडपेकडे बोट दाखवलं. तपासनीसानं वाकून पाहिलं. "ये क्या लिखा है?"

"हवामान. मौसम."

"मौसम से रेलवे नहीं चलती, बाबूजी," तो म्हणाला. पण दोन चिठ्ठ्या, खिडकीकडे तोंड करून बसलेले म्हातारे आणि रडणारी बाई पाहून त्याचा सूर उतरला. दंडाची पावती त्यानं उभ्या उभ्या फाडली आणि जाता जाता पावतीपुस्तकातला एक कोरा कागदही बाबांना दिला. "लो. आगे के लिए."

काटोल मागे पडलं. बाहेर संत्र्यांच्या बागा, कापूस वेचणाऱ्या बाया. मी बाबांकडे पाहत होते. आता वेळच वेळ होता. स्टेशनवरच्या क्षणभराच्या मुक्कामासाठी त्यांनी ज्याची तयारी केली होती, त्यासाठी नागपूरपर्यंतचा अख्खा प्रवास मिळाला होता. मी हळूच म्हटलं, "बाबा, विचारा ना."

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून, की थांब म्हणून, ते कळलं नाही. त्यांचं लक्ष त्या हाताकडे होतं.

नागपूर जवळ आल्यावर मुलीनं विचारलं, "पुढे मी काय करू? काय देऊ यांना?"

"हवामान द्या," बाबा म्हणाले.

"म्हणजे, कोणताही कागद चालेल?"

"कोणताही नको." बाबांचा आवाज जरा कडक झाला, मी तो फार कमी वेळा ऐकला आहे. "बाहेर पाहा. वारा कुठून आहे, ढग आहेत का, लांबचं दिसतं का. जे खरं आहे तेच लिहा. खोटं लिहू नका. ते विश्वासावर उडतात."

तिनं मान डोलावली. तपासनीसानं दिलेला कागद बाबांनी तिच्या हवाली केला.

नागपूरला आम्ही उतरलो. स्टुअर्ड डबा घेऊन उभाच होता. आम्हाला गाडीतून उतरताना पाहून त्याचं तोंड उघडं राहिलं. बाबा प्लॅटफॉर्मवरून त्या खिडकीसमोर जाऊन उभे राहिले, अगदी समोर, आणि नमस्कार केला. कप्तानांची नजर त्यांच्यावरून गेली, जशी खांबावरून, हमालांवरून जात होती. ओळख नव्हती. मला ते फार लागलं. बाबांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नसावं. "त्यांनी माझं तोंड कधी पाहिलंय?" असं ते पुढे म्हणाले. गाडी हलली तेव्हा झडपेतल्या दोन चिठ्ठ्या वाऱ्यानं फडफडत होत्या.

यजमानांसाठी बँकेत फोन करून निरोप ठेवला आणि बाबांना सोडायला मी सौंसरच्या बसमध्ये बसले. बसमध्येही ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले, नेहमीप्रमाणे. दोघंही फार थकलो होतो. सावनेर येईपर्यंत ते झोपले.

घरी आईनं दारातच विचारलं, "इच्यारलं का?"

"नाही."

"अरे देवा. मंग गेले काह्यले होते?"

बाबा चपला काढत होते. "मागे कुणी आहे की नाही, हे त्यांनी वळून पाहिलं नाही," ते म्हणाले. "हात मागे केला."

आई म्हणाली, "पाय धुवा. पानी तापलं हाय." आणि आत गेली. त्या दिवसानंतर ते वाक्य आमच्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही. बाबांना त्यांचं उत्तर मिळालं, असं आई मानते. मला तेवढी खात्री नाही. आजारी माणसाचा हात सवयीनं मागे जातो, डॉक्टर म्हणाले होते तसं. आणि खुर्ची रिकामी चालेल असं म्हटलेला माणूसही आयुष्यभर तिच्याकडे हात करू शकतो. दोन्ही खरं असू शकतं. बाबांना हे सुचलं नसेल असं नाही. पण त्यांनी विचारणं थांबवलं.

दोन वर्षांनी बाबा अंथरुणाला खिळले. कप्तान त्याआधीच गेले होते, स्टुअर्डनं निरोप दिला होता. बाबांना शेवटी शेवटी समोरून कुणीच ओळखू येईना. मी खाटेशी जाऊन उभी राहिले की ते परक्या बाईकडे पाहावं तसे संकोचानं पाहायचे, पाय आखडून घ्यायचे. मग मला उपाय सुचला. मी त्यांच्याकडे पाठ करून खाटेच्या कडेवर बसू लागले. थोड्या वेळानं मागून माझी लहानपणीची हाक यायची, "बाई, आलीस का? बसनं आलीस?" म्हणून शनिवार-रविवार मी तशीच बसायची, दाराबाहेरचं अंगण पाहत, मांडीवर मुलांच्या वह्या घेऊन. समोर तोंड करून बोलणं आमच्यात तसंही कधी फार झालं नव्हतं.

एका दुपारी त्यांनी पाणी मागितलं. मी पेला दिला, पुन्हा वळून बसले, आणि थोड्या वेळानं रिकामा पेला घ्यायला हात मागे केला. पेला आला नाही. मी वाट पाहिली. मागे खाट करकरली. ते खिडकीकडे सरकून बाहेर पाहत असावेत. बराच वेळ गेला.

"वाराच नाही गं आज," बाबा म्हणाले.

मग त्यांचं बोट माझ्या तळव्यावर टेकलं आणि टकटक करू लागलं, कधी आखूड, कधी लांब. मोर्स मला कधी शिकवली नव्हती त्यांनी, आणि मीही शिकवा म्हटलं नव्हतं. काय सांगत होते ते कळलं नाही. मी वळून पाहिलं नाही. बोट थांबेपर्यंत हात तसाच ठेवला.